लेकाला बेसबॉलचा अंपायर व्हायचंय, शाळा कोणती निवडावी?

मृण्मयी_एडिसन

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे. हसलात तरी चालेल, पण हसून झालं की उत्तर द्या.

माझा धाकटा वीस वर्षांचा आहे. जन्म इथलाच, न्यू जर्सीतला. कम्युनिटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, घातला होता. बॅटीला बॉल लागायची वानवाच होती, अख्ख्या सीझनमध्ये एक हिट, आणि तिचीही आम्ही घरी शिरा करून पार्टी केली. चौदा वर्षांचा असताना एका शनिवारी अंपायर आलाच नाही, म्हणून कोचने यालाच लहान मुलांच्या गेमला उभं केलं. त्या दिवसापासून पोरगं बदललं. आता वीकेंडला चार-चार गेम करतो. डेकवर तुळशीच्या कुंडीशेजारी शिनगार्ड आणि चेस्ट प्रोटेक्टर वाळत पडलेले असतात आणि त्यांचा वास... असो.

तर आता त्याला यातच करिअर करायचंय. जानेवारीत फ्लोरिडाला अंपायर स्कूलला जाणार म्हणतो, चार-पाच आठवडे, सेमिस्टर सोडून. फी, राहणं, विमान धरून काही हजार डॉलर. तीन शाळांची नावं फ्रिजवर लावून ठेवली आहेत. एकीच्या वेबसाइटवर नुसते मोठमोठ्या अंपायरांचे फोटो, दुसरी त्याच्या मित्राने सांगितलेली, तिसरी स्वस्त. शिवाय म्हणतो की मेजर लीगवाले (इथली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) स्वतः एक दिवसाचं शिबिर घेतात, तेही फुकट. अमेरिकेत काही फुकट असतं यावर माझा विश्वास नाही.

नवरा म्हणतो, "एवढं घरदार सोडून आलो ते पोराने मैदानात शिव्या खाव्यात म्हणून का?" साताऱ्याहून सासूबाईंनी व्हिडिओवर विचारलं, "म्हणजे पंच ना रे? पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तू तर एकटाच दिसतोयस."

इथे कुणी या वाटेने गेलंय का? शाळा निवडताना काय बघायचं? आणि ही खरंच नोकरी आहे का?

---

विदर्भपुत्र_डॅलस

ताई, राग मानू नका, स्पष्ट बोलतो. आता बॉल की स्ट्राइक, म्हणजे टाकलेला चेंडू ठरल्या चौकटीबाहेर की आत, हे मशीन सांगते. कॅमेरे लागले आहेत सगळीकडे. मशीन आल्यावर अंपायर म्हणजे लिफ्टमनसारखं होणार, बटण लोक स्वतःच दाबतात. पोराला आधी डिग्री पूर्ण करू द्या, छंद म्हणून वीकेंडला करतोय ते बरं आहे. माझ्या पोरालाही ड्रमर व्हायचं होतं, आता अकाउंटिंग करतोय आणि सुखात आहे.

---

जळगावचा_डावखुरा

मृण्मयीताई, मी गेलोय या वाटेने. शेवटपर्यंत पोचलो नाही, पण वाटेतले खड्डे सगळे पाठ आहेत. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं थोडक्यात: नववीपर्यंत जळगावात, शाळेकडून सॉफ्टबॉल खेळायचो. आमच्याकडे सॉफ्टबॉलचं वेड आहे हे तिकडच्यांना ठाऊक असेल. मग वडिलांच्या नोकरीपायी ओहायोला आलो. २०१३ च्या जानेवारीत, चोवीस वर्षांचा असताना फ्लोरिडाला अंपायर स्कूलला गेलो. शाळेचं नाव घेत नाही, कारण मी निवडला गेलो नाही आणि उगाच कुणाला वाटायला नको की राग काढतोय. शाळा उत्तम होती. मीच कमी पडलो.

आधी डॅलसच्या दादांचं. मशीन आली हे खरं, पण अर्धंच सांगितलंत. २०२६ च्या सीझनपासून मेजर लीगमध्ये आली ती चॅलेंजची पद्धत. प्रत्येक पिचवर (टाकलेल्या चेंडूवर) आधी माणूसच कॉल देतो. संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं, चुकलं की गेलं. मागणार फक्त पिचर, कॅचर नाहीतर बॅटर, तेही लगेच, टोपी-हेल्मेटवर हात थोपटून. डगआउटमधून मॅनेजर कितीही बोंबलला तरी उपयोग नाही. कोरियाच्या लीगने २०२४ पासून सगळेच बॉल-स्ट्राइक मशीनकडे दिले, तरी प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या जागेमागे, माणूस उभा आहेच. कारण आउट-सेफ, फाउल, बॉक (पिचरची नियमाबाहेरची हालचाल), इंटरफिअरन्स (अडथळा), भांडण, पाऊस, हे कोण बघणार? मशीनने एक केलं, चुका उघड्या पाडल्या. तिचा झोन, म्हणजे स्ट्राइकची चौकट, बॅटरच्या उंचीवर ठरतो, वर उंचीच्या ५३.५ टक्के, खाली २७ टक्के, रुंदी प्लेटचीच, १७ इंच. तुमच्या मुलाच्या पिढीला पहिल्या दिवसापासून याच मापाने डोळा बसवावा लागणार. आमच्या पिढीचे जुने लोक कुरकुरतात ते त्यासाठी.

आता शाळा. थोडा इतिहास सांगतो, कारण तो कळला की फ्रिजवरची यादी वाचता येईल. अंपायरांची पहिली शाळा जॉर्ज बार नावाच्या नॅशनल लीगच्या अंपायरने १९३५ मध्ये आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जला काढली. पुढे हा धंदा फ्लोरिडात स्थिरावला, थंडीत मैदान कोरडं मिळतं म्हणून. अल सोमर्सची शाळा १९७७ मध्ये हॅरी वेंडलस्टेटने घेतली. आता त्याचा मुलगा हंटर चालवतो. हंटर स्वतः मेजर लीगचा अंपायर, बापाचाच २१ नंबर पाठीवर लावतो. जिम इव्हान्सची अकादमीही एके काळी नावाजलेली होती. माझ्या वेळी व्हेरो बीचला मायनर लीगची, म्हणजे मेजरच्या खालच्या व्यावसायिक लीगची, स्वतःची शाळाही होती. त्या काळात मान्यताप्राप्त शाळेत जायचं, तिथून पहिल्या काहीजणांना पुढच्या परीक्षेला पाठवायचे आणि त्यातून मायनर लीगला भरती. शाळा म्हणजेच दार.

ते दार आता तिथे नाही. २०२१ पासून मायनर लीगचा सगळा कारभार मेजर लीगकडे आहे आणि अंपायर शोधायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलंय. तुमचा मुलगा म्हणतो ती एक दिवसाची शिबिरं खरी आहेत आणि खरंच फुकट आहेत. तिथे जे नजरेत भरतात त्यांना पुढच्या लांबच्या शिबिराला बोलावतात, खर्च त्यांचा. म्हणजे तुम्ही शाळेला जे काही हजार देणार ते शिकण्यासाठी, नोकरीसाठी नाही. कुणी शाळावाला फोनवर "आमच्याकडून गेलात की मायनर लीग पक्की" म्हणाला तर फोन ठेवा. मी स्वतः शाळेआधी एका वीकेंड क्लिनिकला असाच फसलोय. दोन दिवस, चारशे डॉलर, हातात टी-शर्ट आणि सर्टिफिकेट. प्लेटमागे उभं राहायला मिळालं एकूण अकरा पिच. मोजले होते.

म्हणून शाळेला विचारायचा पहिला प्रश्न तोच. मुलगा दिवसाला खऱ्या पिचिंगसमोर किती वेळ प्लेटमागे उभा राहणार? पिंजऱ्यात मशीनसमोर म्हणत नाहीये, माणूस पिचर, माणूस कॅचर. वर्गात नियम शिकवणं सोपं असतं, नियम तो घरीही वाचू शकेल. दुसरं, शिकवणारे सध्या कुठे काम करतात? भिंतीवर फोटो असलेला मोठा माणूस शेवटच्या आठवड्यात भाषणाला येतो, रोज मैदानात मुलांचे खांदे सरळ करणारे वेगळे असतात. ते मायनर लीगमधले तरुण असतील तर सोनं. एकामागे किती विद्यार्थी, व्हिडिओ काढून दाखवतात का, हेही विचारा. आणि दोन अंपायरांची पद्धत नीट शिकवतात का हे नक्की विचारा, कारण खालच्या लीगमध्ये दोघांनीच सगळं मैदान सांभाळायचं असतं. मायनर लीगच्या वरच्या दोन पायऱ्यांना, डबल-ए आणि ट्रिपल-एला, तिघे.

आमच्याकडे पहिले काही दिवस बॉलच नव्हता. पन्नास-साठ माणसं गवतावर रांगेत उभी आणि समोरचा इन्स्ट्रक्टर बोट करतो, की सगळ्यांनी एकदम "स्ट्राइक!" ओरडायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी माझा आवाज बसला. मग पिव्हट. बॅटरने बॉल आउटफिल्डला मारला असं समजायचं, फाउल लाइनबाहेरून धावत आत यायचं, गर्रकन वळायचं आणि रनरचा पाय पहिल्या बेसच्या पिशवीला लागला की नाही ते बघायचं. दिवसात शंभर वेळा. तिसऱ्या दिवशी मला झोपेतही वळायला होत होतं, खाटेवरून पडलो एकदा.

मी डावरा. अंपायर स्ट्राइकचा हात उजवाच दाखवतो, मोजणीचं क्लिकर डाव्या हातात असतं. माझा डावा हात दर वेळी आपोआप वर जायचा, क्लिकरसकट. दुसऱ्या आठवड्यात इन्स्ट्रक्टरने माझा डावा हात पट्ट्यात खोचून बांधला आणि तसंच दोन डाव प्लेटमागे उभं केलं. तेव्हा कुठे सवय गेली.

आणि सगळ्यात कठीण म्हणजे थांबणं. नवखा माणूस बॉल येतानाच ठरवून टाकतो. शाळेत हेच मोडतात. कॅचर आणि बॅटरच्या मधल्या फटीत डोकं ठेवायचं, हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या कडेला, आणि डोकं तिथे गोठवायचं. डोळ्यांनी बॉल मिटपर्यंत (कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत) सोडायचा. मिटमध्ये थाड झालं, मनात एक श्वास, मग कॉल. हा एक श्वास ज्याला जमला त्याला सगळं जमलं. मला पाचव्या आठवड्यापर्यंत दहापैकी सात वेळा जमत होतं, आणि सात पुरत नाहीत.

भांडणाची पण प्रॅक्टिस असते. इन्स्ट्रक्टर मॅनेजर बनून तोंडाला तोंड लावून ओरडायला येतात, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं उडवत. मला पहिल्यांदा हसू आलं. नापास.

शेवटच्या दिवशी एकेकाला आत बोलावून सांगतात. माझं तीन मिनिटांत झालं. परतीच्या विमानात बॅगेचं वजन जास्त भरलं, म्हणून ओला चेस्ट प्रोटेक्टर अंगात घालून चढलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बॉम्ब स्क्वॉडमध्ये आहात का?"

नोकरीचं विचारलंत. मेजर लीगमध्ये पूर्णवेळ अंपायर ७६, चार-चारचे १९ क्रू. तिथे पगार दीड लाख डॉलरच्या आसपास सुरू होतो आणि पुढे बराच वाढतो, पण खुर्ची रिकामी होते वर्षाला एखाद-दुसरी. खाली मायनर लीगमध्ये माझ्या वेळी सुरुवातीला महिन्याला दोन हजारांच्या आसपास मिळायचे, तेही सीझनपुरतेच. आता बरे आहेत म्हणतात. खालून वर जायला सात-आठ वर्षं हे लवकर समजा. तुमच्याच न्यू जर्सीच्या जेन पावोलचं बघा. २०१६ मध्ये अगदी तळाच्या लीगपासून सुरुवात, आणि मेजर लीगमध्ये पहिला गेम ९ ऑगस्ट २०२५ ला, अटलांटात. रेग्युलर सीझनचा गेम करणारी पहिली बाई. तिच्या आधी पॅम पोस्टेमाने तेरा वर्षं मायनर लीगमध्ये काढली, ट्रिपल-एपर्यंत पोचली आणि १९८९ मध्ये तिला सोडून दिलं. दोन्ही गोष्टी मुलाला सांगा, फक्त पहिली नको.

मी सध्या कोलंबसच्या आसपास हायस्कूल आणि कॉलेजचे गेम करतो. दिवसाची नोकरी वेगळी आहे. वसंतात आठवड्याला पाच गेम होतात, पैसे बरे मिळतात. आणि कॉलेजच्या असाइनरने (गेमला अंपायर नेमणाऱ्याने) मला घेतला तो त्या पाच आठवड्यांमुळेच. तेव्हा शाळा वाया गेली असं मी म्हणणार नाही.

---

मृण्मयी_एडिसन

डावखुरा, तुम्ही लिहिलंत ते मी मोठ्याने वाचून दाखवलं. बॉम्ब स्क्वॉडला नवरा हसला, मग "सात पुरत नाहीत" ला गप्प बसला. पोरगं म्हणालं, "मी आत्ता दहापैकी पाच असेन." हे त्याने स्वतःहून कबूल केलं, नवलच.

दोन शंका. चष्मा आहे त्याला, चालेल का? आणि शाळेत न जाता नुसत्या एक दिवसाच्या शिबिराला गेला तर कच्चा म्हणून बाहेर काढतील का?

---

जळगावचा_डावखुरा

चष्मा चालतो. चष्म्यासकट नजर २०/२० हवी, एवढंच. हायस्कूल डिप्लोमा हवा, तो आहेच. वजन बेताचं, पाय हलके.

कच्चा म्हणाल तर थोडा कच्चा असणंच बरं. त्या शिबिरात ते पंधरा वर्षांच्या सवयी शोधत नाहीत, सांगितलं की लगेच बदलतो का ते बघतात. माझ्यासारखा सॉफ्टबॉलचा हात घेऊन गेलेला माणूस त्यांना नकोसा वाटतो. पण अगदी पाटी कोरी नको. म्हणून माझं मत: यंदाच्या वसंतात तुमच्या काउंटीतल्या हायस्कूल अंपायर बोर्डात त्याला नाव नोंदवू द्या, दोघांच्या क्रूमध्ये एखाद्या जुन्या माणसासोबत बेसवर उभा राहू द्या. तीसेक गेम झाले की जवळपासच्या शिबिराला जाऊ द्या. खर्च पेट्रोलचा. तिथे काय म्हणतात ते ऐकून मग शाळेचा विचार. शाळा आधी आणि शिबिर नंतर असं केलंत तर पैसे जातील आणि आपण कुठे उभे आहोत हेही कळणार नाही.

त्याला लिटल लीगमध्येच राहायचं असेल तर त्यांची स्वतःचीही अंपायर स्कूल आहे, कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला. पण तिथून येणारे सेवाभावी काम करतात, लिटल लीग वर्ल्ड सिरीजचे अंपायरसुद्धा बिनपगारी असतात. ती वाट वेगळी.

---

कोथरूड_ते_शार्लट

धागा वाचून आमच्या घरी पण आग लागली. माझा सतरा वर्षांचा आता म्हणतो मीही अंपायर होणार. आम्ही एच-वनवर (नोकरीचा व्हिसा), तो एच-फोरवर (कुटुंबाचा). त्याला गेमचे पैसे घेता येतील का? तो तर आजच मैदानात जायला तयार आहे.

---

जळगावचा_डावखुरा

नाही हो, पैसे घेऊ देऊ नका. एच-फोरवरच्या मुलाला काम करायची परवानगी नसते, आणि गेमचे पन्नास डॉलर रोख मिळाले तरी ते कामच. वर्क परमिट मिळतं ते काही अटींवर जोडीदाराला, मुलांना नाही. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पुढे एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) गेला तरी कॉलेजबाहेरच्या गेमचे पैसे चालत नाहीत. मायनर लीगची नोकरी म्हणजे नोकरीच, कामाची परवानगी आधी हवी. लिटल लीगमध्ये बिनपगारी, खराखुरा सेवाभावी उभा राहत असेल तर तेवढं करू दे, पण आधी तुमच्या वकिलाला विचारा. मी अंपायर आहे, वकील नाही.

---

ठाणेकर_काका

मी बेसबॉल बघितलेला नाही. क्रिकेटचं अंपायरिंग मात्र वीसेक वर्षं केलं, लेखी परीक्षा आणि तोंडी परीक्षा देऊन. एवढंच सांगतो, मुलाला रात्री झोपताना दिवसातल्या चुकलेल्या निर्णयांची वही लिहायला लावा. मी लिहायचो. पायचीतच्या चुकांची दोन वह्या भरल्या. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक चहाच्या वेळेनंतरच्या होत्या. दमल्यावर मी नॉन-स्ट्रायकरकडे जास्त बघायचो, हे मला वही वाचून कळलं. कुठल्याही शाळेने सांगितलं नसतं.

आणि डावखुरा, हात बांधून शिकवण्याचा प्रकार आमच्या मास्तरांनीही केला असता.

---

विदर्भपुत्र_डॅलस

मशीनबद्दल चूक मान्य. लिफ्टमनचा दाखला मागे घेतो. पण डिग्रीचं मत कायम आहे, त्यावर चॅलेंज घेतलंत तरी मी हरणार नाही.

---

मृण्मयी_एडिसन

सगळ्यांचे आभार. काल रात्री घरात बैठक झाली. कॉलेज चालू ठेवायचं, सेमिस्टर सोडायचं नाही. हायस्कूलच्या बोर्डाला त्याने ईमेल केली, पुढच्या महिन्यात नियमांचे वर्ग सुरू होतात. शिबिराची तारीख आली की तो जाईल, गाडी त्याचा बाबा चालवेल. हे बाबा स्वतःच म्हणाले, मी काही बोलले नाही. फ्रिजवरची यादी मात्र तशीच आहे, फक्त वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: "दिवसाला किती पिच?"

ठाणेकर काका, वही आणली. पहिल्या पानावर आजच्याच गेमची चूक आहे: तिसऱ्या इनिंगला स्ट्राइक आधीच बोलून टाकला, बॉल मग कॅचरच्या हातून सुटून मागे गेला. आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये "स्ट्राइक!" ओरडत होता तेव्हा शेजारच्या पटेलांनी पोलिसांना फोन करावा का असं मला मेसेजवर विचारलं.

डावखुरा, एक राहिलं. प्लेटमागचे ते लोखंडी टाचेचे बूट घ्यायचे म्हणतोय. आत्ता घेऊ का? महाग आहेत.

---

जळगावचा_डावखुरा

टाचेला नाही, पंजावर लोखंड असतं. फाउल टिप, म्हणजे बॅटला निसटता लागलेला बॉल, अंगठ्यावर बसली की कळतं का ते. घ्या, पण आत्ताच घ्या आणि दोन आठवडे घरात घालून फिरू द्या. नवे बूट घालून शिबिराला गेला तर दुपारपर्यंत टाचेला फोड येईल, आणि लंगडणाऱ्या अंपायरकडे कुणी बघत नाही. जाड मोजे दोन जोड. घरात फरशी असेल तर सांभाळून, माझ्या आईच्या स्वयंपाकघरातल्या दोन टाइल्स अजून फुटक्या आहेत.